पुष्पिकेची नीती : जीर्णोद्धार, संहिता आणि अंबाजोगाईचे दगड

१

जीर्णोद्धार हा शब्द मराठीत इतका पुण्यवाचक झाला आहे की त्याच्या पोटात एखादा नैतिक प्रश्न असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही. पडके देऊळ उभे करणे हे चांगलेच काम. त्यासाठी वर्गणी देणारा सज्जन आणि न देणारा कद्रू, एवढ्यावर सर्वसाधारण विचार थांबतो. परंतु येथे उद्धार नेमका कोणाचा होतो? दगडांचा, देवाचा, ज्यांनी ते दगड घडवले त्यांचा, की पाटीवर ज्याचे नाव कोरले जाते त्याचा? आणि जे जीर्ण झाले आहे ते 'जीर्ण' म्हणूनच काही सांगत असेल, तर ते सांगणे पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो?

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. जुन्या ग्रंथाची संहिता सिद्ध करताना तो पदोपदी याच प्रश्नाशी झगडत असतो. लेखकूंच्या हातून शिरलेले अपपाठ काढावयाचे, गळालेले शब्द भरावयाचे, नंतर घुसडलेल्या ओव्या वेगळ्या करावयाच्या. आणि हे करताना आपलाच एक नवा पाठ मूळ म्हणून पुढे ठेवला जात नाही ना, याची धास्ती बाळगावयाची. पाठशोधन हा ग्रंथाचा जीर्णोद्धार आहे. प्रस्तुत लेखात या दोन उद्धारांना समोरासमोर ठेवून मध्ययुगीन वास्तूंबाबतच्या आपल्या कर्तव्याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी एका बाजूला बीड जिल्ह्यातील, विशेषतः अंबाजोगाईची यादवकालीन मंदिरे घेतली आहेत आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याच समकालीन असलेली फ्रान्समधील गॉथिक कॅथीड्रले. युरोपात या प्रश्नावर गेली पावणेदोनशे वर्षे वाद झाला आहे. आपल्याकडे वाद न होताच कामे झाली आहेत, आणि होत आहेत.

२

प्रथम कालाची सांगड पाहू. शार्त्रचे जुने कॅथीड्रल ११९४ च्या आगीत बहुतांशी नष्ट झाले आणि त्याच जागी आजचे कॅथीड्रल उभे राहू लागले. ऱ्हँसच्या कॅथीड्रलचे काम १२११ मध्ये आणि आमियाँचे १२२० मध्ये सुरू झाले. पॅरिसचे नोत्र-दाम ११६३ पासून बांधले जात होते. याच सुमारास देवगिरीच्या गादीवर सिंघण यादव होता आणि त्याचा सेनापती खोलेश्वर याचे नाव आंब्याशी, म्हणजे आजच्या अंबाजोगाईशी, जोडले गेले होते. बाराखांबी या नावाने लोकांना माहीत असलेल्या सकलेश्वर मंदिराचा शिलालेख शके ११५०, म्हणजे इ. स. १२२८ चा आहे. खोलेश्वर मंदिरातील संस्कृत लेख शके ११६२, म्हणजे १२४० चा. त्यातून कळते ते असे : खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीत नर्मदेकाठी मारला गेला, त्याच्या अल्पवयी मुलाच्या वतीने रामाची बहीण लक्ष्मी हिने कारभार पाहिला, आणि तिने भावाच्या स्मरणार्थ देवालय बांधले.

या लेखाकडे इतिहासकारांनी मुख्यतः सिंघणाच्या मोहिमांचा पुरावा म्हणून पाहिले आहे आणि ते योग्यच आहे. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातील लक्ष्मीचे स्थान महत्त्वाचे आहे. ज्याला आपण आज 'कलाकृती' किंवा 'वारसा' म्हणतो ती वास्तू मुळात एका बहिणीने मृत भावाचे फेडलेले ऋण आहे. शार्त्रची वास्तूही कोणी कलाकृती म्हणून बांधली नव्हती. मेरीच्या वस्त्राचा म्हणून पूजिलेला अवशेष आगीतून वाचला, म्हणून त्याच्यासाठी घर हवे होते. दोन्हीकडे वास्तूच्या मुळाशी एक बांधिलकी आहे, आणि आपण ज्याचे जतन करू म्हणतो त्यात ती बांधिलकी धरावयाची की केवळ दगड, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

रचनेच्या दृष्टीने मात्र या दोन परंपरा परस्परविरुद्ध टोकांना आहेत. गॉथिक वास्तू म्हणजे भार बाहेर फेकण्याचे शास्त्र. टोकदार कमानी आणि दगडी बरगड्यांचे छत आपला रेटा मोजक्या बिंदूंवर आणतात. तेथून तो भिंतीच्या बाहेर उभ्या केलेल्या आधारस्तंभांकडे अर्ध्या कमानींच्या वाटेने नेला जातो. भिंतीवरचे ओझे असे उतरले की भिंतीची गरजच उरत नाही. तिच्या जागी रंगीत काच बसते. दख्खनचे मंदिर हे भार आत घेण्याचे शास्त्र आहे. स्तंभ, त्यावर तुळई, तुळयांवर थराथराने आत सरकत जाणारे वितान. चुन्याशिवाय, दगडावर दगडाचे वजन आणि खाचेत खाच एवढ्याच बळावर सारे उभे. बीडचे कंकालेश्वर मंदिर पाहावे. पाण्याने वेढलेल्या जोत्यावरची ही तारकाकृती वास्तू. तीन गर्भगृहे, मोकळा सभामंडप. ती चालुक्यांची की यादवांची याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. चौरस आपल्याच केंद्राभोवती फिरवीत नेला की त्याच्या कोपऱ्यांतून जी तारका उमटते तिच्यावर मंडोवर उभा केल्यामुळे दर हातावर भिंत वळते आणि प्रत्येक वळणावर सावली बदलते. शार्त्रला प्रकाश काचेतून आत येऊन रंग होतो. कंकालेश्वराला तो बाहेरच दगडावर खेळतो आणि गाभाऱ्यापाशी जाऊन विझतो. एका ठिकाणी पावित्र्य म्हणजे उजेड, दुसऱ्या ठिकाणी पावित्र्य म्हणजे अंधारातली समई.

या भेदाचा जीर्णोद्धाराशी थेट संबंध आहे. चुन्याविना रचलेल्या वास्तूत एक दगड सरकला की त्याच्यावर विसंबलेले दगड सरकतात. तिच्या सांध्यात सिमेंट भरणे म्हणजे श्वास घेणाऱ्या शरीरात शिसे ओतणे होय : ऊन-पावसाने दगड हलतो, सिमेंट हलत नाही, आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि कडा फुटतात. म्हणजे येथे अज्ञानाने केलेली दुरुस्ती ही निव्वळ रुचीची चूक राहत नाही. ती वास्तूच्या व्याकरणाचा भंग करते.

३

आणखी एक साम्य नोंदवले पाहिजे, आणि ते नावांचे आहे. 'गॉथिक' हे नाव ज्यांनी ही कॅथीड्रले बांधली त्यांनी कधीच वापरले नाही. सोळाव्या शतकात वासारीसारख्या इटालियन लेखकांनी या शैलीला रोम बुडवणाऱ्या गॉथ टोळ्यांच्या खाती टाकले. म्हणजे रानटी ठरवले. प्रत्यक्षात गॉथांचा आणि शार्त्रचा काही संबंध नाही. शिवी होती, ती पुढे शास्त्रीय संज्ञा झाली.

आपल्याकडे 'हेमाडपंती' या शब्दाचे असेच झाले, फक्त दिशा उलटी. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथचे मंदिर शके ९८२, म्हणजे १०६० चे. सकलेश्वराचा लेख १२२८ चा. तरीही चुन्याविना बांधलेले कोणतेही देऊळ दिसले की ते हेमाडपंताने बांधले, असे मराठी माणूस निःशंकपणे सांगतो. युरोपने अनामिक कारागिरांचे श्रेय रानटी ठरवलेल्या एका जमातीला दिले. आपण ते एका विद्वान मंत्र्याला दिले. एका नावात निंदा आहे, दुसऱ्यात गौरव. परंतु दोन्ही नावांनी एकच गोष्ट साधली : ज्यांच्या हातांना घट्टे पडले ते नावाबाहेर राहिले.

अंबाजोगाईचे लेखही या नियमाला अपवाद नाहीत. त्यांत राजा आहे, सेनापती आहे, दानशूर कन्या आहे. काळ्या बसाल्टसारखा कठीण दगड ज्यांनी केसाइतक्या सांध्याने जुळवला ते आपल्याला नावाने भेटत नाहीत. ते भेटतात ते दगडावर राहिलेल्या छिन्नीच्या खुणांतून. म्हणून दगडाचा पृष्ठभाग ही केवळ 'शोभा' नव्हे. लिहू न शकलेल्या किंवा लिहू न दिलेल्या माणसांचा तो एकमेव हस्तलेख आहे. जॉन रस्किनने गॉथिकविषयी लिहिताना हेच ओळखले होते. त्या शिल्पांतील ओबडधोबडपणात आणि विषमतेत त्याला कामगाराचे स्वातंत्र्य दिसले. त्याच्या या वाचनात एकोणिसाव्या शतकातील कारखान्याविषयीचा संताप मिसळलेला आहे आणि मध्ययुगीन कामगार तो समजतो तितका मोकळा होता असे मानण्याचे कारण नाही. तरीही त्याचे मूळ सूत्र टिकते : पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला की माणूस पुसला जातो.

४

युरोपातील वादाची दोन टोके सर्वज्ञात आहेत. व्हिक्टर ह्यूगोची 'नोत्र-दाम द पारी' ही कादंबरी १८३१ मध्ये प्रसिद्ध झाली. छापील पुस्तक दगडी वास्तूला संपवील, कारण मानवजातीची स्मृती आता दगडातून कागदात गेली, असा विचार मांडणारे प्रकरण तिच्या १८३२ च्या आवृत्तीत आले. गंमत अशी की याच पुस्तकाने त्या वास्तूला वाचवले. कादंबरीने जागवलेल्या लोकभावनेतून पुढच्या दशकात नोत्र-दामच्या दुरुस्तीचे काम निघाले आणि ते पुढे व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाच्या हाती राहिले. त्याची भूमिका धीट होती. वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ डागडुजी नव्हे. पूर्वी कोणत्याही एका क्षणी कदाचित नसेलही अशा पूर्णत्वाला तिला नेणे, असे त्याचे म्हणणे होते. त्याने नवा मनोरा उभारला. नोत्र-दामच्या सज्जावर बसलेले जे विद्रूप प्राणी जगभर मध्ययुगाचे प्रतीक मानले जातात ते त्याच्याच काळचे आहेत.

रस्किनने १८४९ मध्ये दुसरे टोक धरले. त्याच्या मते जीर्णोद्धार हा विनाशाचा सर्वात वाईट प्रकार, कारण त्यात नाशाबरोबर खोटेपणाही येतो. वास्तू आपल्या मालकीची नाही. ती बांधणाऱ्यांची आणि पुढे येणाऱ्यांची आहे. काळजी घ्या, टेकू द्या, पण गेलेले पुन्हा आणण्याचा आव आणू नका.

तर्काच्या कसोटीवर रस्किनची बाजू अधिक स्वच्छ दिसते. परंतु इतिहासाने तिला एक विचित्र उत्तर दिले. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र-दामला आग लागली, शतकानुशतके टिकलेले ओकच्या तुळयांचे छप्पर जळाले आणि मनोरा कोसळला. नवा, आजच्या काळाचा मनोरा उभारावा असे प्रस्ताव आले. अखेर जसा होता तसाच उभारावयाचे ठरले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथीड्रल पुन्हा उघडले. 'जसा होता तसा' म्हणजे कसा? तर व्हिओले-ल-द्युकने १८५९ मध्ये उभारला तसा. ज्याला रस्किनच्या विचाराने असत्य म्हणावे लागले असते ते दीडशे वर्षांत 'मूळ' झाले होते. काळ असत्यालाही जुने करतो आणि जुन्याविषयी आपली ममता सत्य-असत्य विचारीत नाही.

शार्त्रचा अनुभव याहून बोचरा आहे. तेथे २००९ पासून आतल्या भिंती साफ करून तेराव्या शतकातील फिकट लेपाच्या अवशेषांच्या आधारे त्या उजळ करण्यात आल्या. खांबावरील मेरीची मूर्ती, जिला भाविक पिढ्यान्पिढ्या 'काळी' म्हणून ओळखत होते, ती गोरी झाली. काहींना हा विध्वंस वाटला. दुरुस्ती करणाऱ्यांचे उत्तर होते की तुम्ही ज्या काळोखावर प्रेम केले तो मेणबत्त्यांची काजळी होता. या उत्तरात आपल्यालाही एक चिमटा आहे. काळा उघडा दगड म्हणजे अस्सल प्राचीनता, ही आपली अभिरुची तरी कितपत प्राचीन आहे? वेरूळच्या कैलासावर गिलाव्याचे आणि रंगांचे अवशेष आहेत. 'रंगमहाल' हे त्याचे जुने नावही काही सांगते. तेव्हा गावोगावच्या जुन्या देवळांना जे लोक ऑइलपेंट फासतात त्यांना रंगाच्या नावाखाली अरसिक म्हणण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे.

५

आता मराठी संहितेकडे वळू. ज्ञानेश्वरी नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० मध्ये सिद्ध झाली. अंबाजोगाईच्या लेखानंतर अर्ध्या शतकाने. तीनशे वर्षांत तिच्या पोथ्यांत पाठभेद माजले आणि पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये तिचे शोधन केले. मराठीतला हा सर्वात थोर जीर्णोद्धार. वारकरी ज्या ज्ञानेश्वरीचे पारायण करतात ती या शोधनातून आलेली आहे.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांना बीड येथे ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे या ठाम मताने त्यांनी ती १९०९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. त्यांच्या दाव्यांवर पुष्कळ वाद झाला. पण येथे त्या वादाचा निकाल लावावयाचा नाही. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही, की राजवाड्यांची प्रत अभ्यासकांच्या टेबलावर राहिली आणि फडावर नाथांचीच ज्ञानेश्वरी राहिली. एकाच ग्रंथाच्या दोन संहिता झाल्या : एक उगमाची, दुसरी वापराची. दोन्ही खऱ्या आहेत, फक्त त्यांचे खरेपण वेगवेगळ्या जातीचे आहे.

वास्तूलाही अशा दोन संहिता असतात. महानुभावांच्या 'स्थानपोथी'कडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. चक्रधरांचा वावर जेथे जेथे झाला त्या जागा तीत बारकाईने नोंदवल्या आहेत. देऊळ कोणत्या दिशेस, कोणत्या चौकात ते बसत, हे ती सांगते. देऊळ कोणी बांधले यात तिला रस नाही. तेथे कोण बसले यात आहे. तिच्या लेखी वास्तूचा अर्थ निर्मात्याकडून येत नाही, निवासातून येतो. आपल्या शास्त्रपरंपरेतही हाच कल दिसतो. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे. त्यात जीर्ण लाकडी मूर्ती जाळावी, दगडी मूर्ती पाण्यात सोडावी आणि तिच्या जागी नवी स्थापावी, अशी व्यवस्था आहे. द्रव्य जाते, देवत्व राहते. परळी वैजनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात नव्याने बांधून काढले तेव्हा जुने दगड राखण्याचा प्रश्न कोणी विचारला असेल असे वाटत नाही. मूळ द्रव्य म्हणजेच सत्य, ही कल्पना आपल्याकडे वसाहतकाळात कायद्याच्या रूपाने आली : ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ च्या कायद्याने, निजामाच्या राज्यात १९१४ मध्ये गुलाम याजदानी यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या पुरातत्त्व खात्याने. १९६४ च्या व्हेनिस सनदेने तिला जागतिक नियम केले. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने, अस्सलपणाची कसोटी त्या त्या संस्कृतीच्या संदर्भातच लावावी लागेल, अशी दुरुस्ती केली.

मग परंपरेचे म्हणणे मान्य करून, वापराची संहिता हीच खरी, गावाने देऊळ रंगवावे, फरशी बसवावी, समोर पत्र्याची शेड टाकावी, असे म्हणावयाचे काय? रंगवणारे लोक विध्वंसक नाहीत. देऊळ त्यांना स्मारक नाही, घर आहे. आणि सणाला घर रंगवतातच. जे देऊळ कोणत्याही संरक्षित यादीत नाही, ज्याच्यासाठी शासनाकडे निधी नाही, त्याचे छप्पर गळू लागले तर वर्गणी गावानेच काढावयाची असते. शहरातून येऊन छायाचित्रे घेऊन जाणाऱ्या आम्हा अभ्यासकांनी त्यांना उपदेश करणे सोपे आहे आणि थोडे निर्लज्जपणाचेही.

परंतु येथे ग्रंथ आणि वास्तू यांच्यातला एक भेद आडवा येतो, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची मेख तेथेच आहे. वास्तूला 'संहिता' म्हणण्याची जी रीत गेल्या काही दशकांत समीक्षेत रूढ झाली तिने बरेच काही उलगडले. पण हा भेद तिने झाकला. नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञाने १९६८ मध्ये कलांचे दोन वर्ग कल्पिले होते : ज्यांची अचूक नक्कल ही तीच कृती ठरते अशा, आणि ज्यांची नक्कल कितीही अचूक असली तरी ती नक्कलच राहते अशा. काव्य पहिल्या वर्गातले, चित्र दुसऱ्या. नकाशावरून पुन्हा उभारता येणारी वास्तू पहिल्या वर्गाकडे झुकते. हाताने कोरलेली आणि नकाशा मागे न ठेवलेली मध्ययुगीन वास्तू मात्र निःसंशय दुसऱ्या वर्गात पडते. नाथांनी ज्ञानेश्वरी शोधली तेव्हा त्यांनी एक नवी प्रत तयार केली; जुन्या पोथ्या ज्या त्या मठांत, घरांत, माळ्यांवर तशाच राहिल्या. म्हणून तर तीनशे वर्षांनी राजवाड्यांना आपला दावा मांडता आला. शोधन चुकले असते तरी त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय शिल्लक होती. देवळाच्या बाबतीत अशी सोय नसते. तेथे प्रत एकच. जीर्णोद्धार हा त्या एकमेव प्रतीवरच लिहिला जातो. आणि जुना पाठ खरवडून लिहिला गेला तर कोणत्याही बीडला, कोणत्याही राजवाड्यांना, कधीही जुनी पोथी सापडणार नाही.

ऑइलपेंटचा दोष असा की तो दगडाची छिद्रे बंद करतो, ओल आत कोंडतो, थरावर थर चढत जाऊन शिल्पाच्या रेषा भरून टाकतो आणि काढू जाता पृष्ठभाग सोबत घेऊन निघतो. चुन्याच्या निवळीबद्दल ही तक्रार करता येणार नाही. तेव्हा आक्षेप रंगाला नाही, रंगातल्या अपरिवर्तनीयतेला आहे.

६

येथपर्यंत 'मूळ' या शब्दाचा आदर आपण गृहीत धरला. पण मूळ रूपाकडे परतण्याची इच्छा स्वतः निष्पाप असते काय?

२०२४ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात संवर्धनाचे काम झाले. त्यासाठी पदस्पर्शदर्शन काही आठवडे बंद ठेवले होते. नंतरच्या काळात चढलेल्या फरशा आणि आवरणे काढली गेली, जुना दगड मोकळा झाला. काम चालू असताना एक तळघर आणि त्यात मूर्तीही सापडल्या. मंदिर आपल्या जुन्या रूपात आले, असे सर्वत्र म्हटले गेले, आणि दगडाच्या दृष्टीने ते समाधानाचेच आहे. पण त्या जुन्या रूपाच्या काळात चोखामेळा कोठे होता? बाहेर. परंपरा सांगते की तो १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळून तिच्याखाली मेला. ज्या देवाला आयुष्यभर हाक मारली त्याच्या दगडी भिंतीच्या आत त्याला पाऊल टाकता आले नाही, आणि ज्या भिंतीसाठी वेठीला राबला ती अंगावर पडली. त्याची समाधी महाद्वारासमोर आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

या घटनेने मंदिराचा एकही दगड हलला नाही. तरीही तेराव्या शतकापासून त्या वास्तूत झालेला सर्वात मोठा बदल तोच आहे. लक्षावधी माणसांसाठी ते देऊळ १९४७ मध्ये प्रथमच 'बांधले' गेले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. मूळ रूप हेच मूल्य मानणाऱ्याच्या हिशोबात हा बदल दिसतच नाही. कारण त्याची मोजपट्टी फक्त द्रव्य मोजते. दगड जुना करता येतो, करावाही. पण दगडाबरोबर 'आपले गतवैभव' पुन्हा आणण्याची भाषा सुरू झाली की विचारले पाहिजे : या 'आपले'मध्ये चोखा आहे काय? अंबाजोगाईच्या मंदिरांच्या खाणीत, गाड्यांवर, उतरणीवर कोणाचे खांदे लागले असतील आणि प्रतिष्ठा झाल्यावर त्यांतले किती जण कोठवर जाऊ शकले असतील, हा प्रश्न लेखात कोरलेला नाही. म्हणून तो आपण विचारावयाचा नाही असे होत नाही.

याचा अर्थ, उगमाची संहिता ही निरपेक्ष मूल्य म्हणून उभी राहू शकत नाही. आणि एकदा खरवडलेले परत येत नाही, म्हणून वापराची संहिताही निरंकुश सोडता येत नाही. दोन्ही दावे खरे असताना कोणत्या तत्त्वाने वागावे?

७

मला ते तत्त्व पुन्हा नाथांच्या कामातच दिसते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस त्यांनी स्वतःच्या शोधनाची नोंद ठेवली आहे : शके सांगितला, पाठभेदांनी ग्रंथ अशुद्ध झाला होता हे कारण सांगितले, आपण काय केले ते सांगितले आणि पुढच्यांना त्यात भर घालू नका असे बजावले. म्हणजे जीर्णोद्धारकाने आपला हात लपवला नाही. मूळ ग्रंथ कोठे संपतो आणि आपण कोठे सुरू होतो हे त्याने वाचकाला कळू दिले. पोथीच्या शेवटी लेखक आपले नाव, गाव, तिथी आणि कधी आपली शारीरिक पीडाही लिहून ठेवतो, तिला आपण पुष्पिका म्हणतो. हस्तलिखितांचा अभ्यासक सर्वात आधी तीच उलटून पाहतो, कारण पुष्पिका हा लेखकूचा प्रामाणिकपणा असतो. लक्ष्मीचा १२४० चा लेख ही त्या देवालयाची पुष्पिकाच आहे. कोणी, कधी, कोणाच्या दुःखाने बांधले ते तिच्यामुळे कळते.

तेव्हा जीर्णोद्धाराची नीती पुष्पिकेची नीती असावी असे मला वाटते. तिचे तीन पदर आहेत. पहिला, नवे ते नवे म्हणून ओळखू यावे. घातलेला दगड जुन्याशी सुसंगत असावा, पण जुना असल्याचे सोंग त्याने करू नये. नुसते लपवले नाही म्हणजे भागत नाही, म्हणून दुसरा पदर : जे केले ते उद्या कोणाला काढता यावे. आपल्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय पुढच्या पिढीला ठेवणे, हेच एकमेव प्रत हाती असलेल्या माणसाचे पहिले कर्तव्य आहे. तिसरा पदर नोंदीचा : काय काढले, का काढले, कोणी काम केले. आणि येथे मध्ययुगाने जे केले नाही ते आपण करू शकतो. देणगीदाराच्या पाटीवर पाथरवटांची नावे घालता येतात. दगड त्यांनीच घडवलेले असतात.

या नीतीला एक आक्षेप संभवतो : ती श्रद्धेला परकी आहे, भाविकाला पुष्पिका नको, देव हवा. हे अंशतः खरे आहे. पण वारकऱ्याने नाथांच्या नोंदीसकटच ज्ञानेश्वरी स्वीकारली. त्या नोंदीने त्याची श्रद्धा उणी झाली नाही. आपल्या हाती आलेले अनेकांच्या हातून आले आहे, हे कळल्याने माणूस देवापासून दूर जातो असे मानण्यास आधार नाही. दूर जातो तो फक्त एका अहंकारापासून, की हे आपणच उभे केले.

हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. २०२५ मध्ये अंबाजोगाईच्या सकलेश्वर मंदिराच्या परिसरात राज्य पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले तेव्हा आणखी दोन मंदिरांचे पाये उघडे पडले. बारा खांबांच्या नावाने ज्याला आपण ओळखत आलो ते एका मोठ्या समूहाचे उरलेले अंग होते. आता वरचे काहीच उरले नाही असे दोन पाये आपल्यासमोर आहेत. त्यांच्यावर कोणते शिखर होते, मंडप केवढा होता, हे आपण कल्पू शकतो. व्हिओले-ल-द्युक असता तर त्याने बांधूनही दाखवले असते. तसे करण्याची मागणी उद्या कोणी उत्साहाने करील आणि तिच्या पाठीशी भक्ती, अभिमान आणि निधी तिन्ही असू शकतील. त्या वेळी पाया हा पायाच राहू देण्याचे, त्याच्यावर पाणी साचू न देण्याचे, त्याचे मोजमाप घेऊन ते छापण्याचे आणि शेजारच्या बारा खांबांना टेकू देऊन उभे ठेवण्याचे रूक्ष काम कोणीतरी करावे लागेल. संहितेत जेथे अक्षरे गळाली आहेत तेथे चांगला संपादक आपल्या मनची ओवी घालत नाही. तो जागा मोकळी सोडतो आणि ती किती अक्षरांची आहे ते लिहून ठेवतो.